खरीप त्यांचाही: धोफारचा किनारा, लोबान आणि डोंगरातली माणसं

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बाहेर पाऊस लागलाय म्हणून बसलोच.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून नाकासमोर सरळ पश्चिमेला गेलं तर साधारण दोन हजार किलोमीटर नुसतं पाणी आणि मग जी जमीन लागते ती धोफारची. ओमानचा दक्षिणेकडचा प्रांत, मुख्य शहर सलालाह, मस्कतपासून रस्त्याने हजारेक किलोमीटर लांब. रत्नागिरी आणि सलालाह जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १७ च्या. अरबीत या प्रांताला 'ज़ुफार' म्हणतात, आपल्याकडे इंग्रजीवरून धोफार झालं. मी तिथे सहा वर्षं होतो, बंदराच्या कामावर. इकडे येऊन सांगितलं की अरबस्तानात पावसाळा असतो, तर लोकांना खरं वाटत नाही.

त्यांच्या पावसाळ्याचं नाव ऐकून मी पहिल्याच वर्षी थांबलो होतो. 'खरीफ'. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, आणि आपलं खरीप पीक म्हणतो तो शब्द हाच. २१ जून ते २१ सप्टेंबर हा त्यांचा खरीफ. वारे तेच आपले नैऋत्य मोसमी, पण पाऊस आपल्यासारखा नाही, म्हणजे सलालाहमध्ये वर्षभराचा मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि रत्नागिरीत ३००० च्या वर. तरी डोंगर हिरवेगार होतात. कसे, तर वारा तिथल्या किनाऱ्याला धरून वाहतो आणि वरचं गरम पाणी आत समुद्रात ढकलतो, खालून गार पाणी वर येतं, त्या गार पाण्यावरून आलेली ओली हवा धुकं होऊन डोंगराला येऊन भिडते, आणि वर वाळवंटाची कोरडी गरम हवा झाकणासारखी बसलेली असते म्हणून ते धुकं वर जाऊन मोठा पाऊस होऊच शकत नाही. तीन महिने नुसती भुरभुर. बाकी अरबस्तान भाजत असताना तिथे पंचवीस-सव्वीस डिग्री.

आणि हे धुकं झाडं पितात. पानांवर थेंब जमतात, खोडावरून उतरतात, बुंध्याशी जमीन भिजते. झाड तोडलं तर तिथे तेवढं पाणी पडतच नाही. ते झाड कुठलं माहितीये? आपल्या धावड्याचा भाऊ. ज्या धावड्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो त्याचंच भावंड, फक्त धोफारच्या आणि शेजारच्या येमेनच्या डोंगरातलं.

सलालाहहून थुमरैतला जाणारा रस्ता घाट चढतो. जुलैमधली गोष्ट. वायपर चालू, हेडलाइट चालू, पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतोय, रस्त्यात मधेच गाय उभी. माथ्यावर पोचलो आणि पाच मिनिटांत सगळं संपलं. वायपर कोरड्या काचेवर कर्र कर्र करायला लागला म्हणून बंद केला. गवत संपलं, झाड संपलं, काचेला हात लावला तर गरम. मागे वळून बघितलं तर कापसाची भिंत उभी. ती भिंत जिथे संपते तिथून पुढे लोबानाची झाडं सुरू होतात, आणि माझ्या मते धोफारचा सगळा इतिहास, कोण कुठल्या डोंगरात राहणार, कोण गाय पाळणार आणि कोण उंट, हे सगळं त्या रेषेने ठरवलेलं आहे.

समुद्रालगत पन्नास-साठ किलोमीटर लांबीचं सपाट मैदान, त्यात नारळ, केळी, पपई. रस्त्याच्या कडेला शहाळी विकायला ठेवलेली असतात, बघून डोळे भरून येतात. मैदानामागे डोंगर: पश्चिमेला जबल क़मर, मधे जबल क़रा, पूर्वेला जबल सम्हान. डोंगरामागे नज्द, म्हणजे कोरडं पठार, आणि त्यामागे रुब अल-खाली, ते मोठं वाळवंट. डोंगरात क़रा आणि शहरा लोक, गाई आणि शेळ्यावाले. पश्चिमेला आणि वाळवंटाच्या कडेला महरा, उंटवाले. नज्दकडे बैत कथीर, तेही उंटवाले. खरीफ आला की उंट डोंगरातून खाली मैदानात आणतात कारण चिखलात उंटाचा पाय घसरतो, पडला की पाय मोडतो, आणि डास-माश्या त्याला सोसत नाहीत. गाई वरच राहतात. सप्टेंबरअखेर धुकं उठलं की पुढच्या ऋतूला 'सर्ब' म्हणतात, तेव्हा गुडघाभर गवतात उंट परत वर चढतात. त्या दिवसांत शेकडो उंट रस्त्यावरून चालत असतात आणि सगळ्या गाड्या मुकाट मागे थांबतात, हॉर्न कोणी वाजवत नाही.

लोबानाबद्दल आणि लोकांबद्दल पुढे प्रतिसादांत लिहितो, विचारा काय विचारायचं ते.

लाटेवरची

वाखुसा (वाचनखूण साठवली). किती छान लिहिलंय. माझं माहेर गुहागरजवळ. आमच्याकडे पावसात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात जातात. तिकडे मच्छीमार काय करतात हो त्या तीन महिन्यांत?

पश्चिमवारा

लाटेवरची ताई, अगदी तेच! खरीफमध्ये समुद्र खवळलेला असतो, होड्या वाळूत वर ओढलेल्या असतात. पूर्वी किनाऱ्यावरचे बरेच जण याच दिवसांत डोंगरात नाहीतर शेतात कामाला जायचे. आणि खरीफ संपला की तारली येते, म्हणजे लोंढेच्या लोंढे. किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं लागून जाळं ओढतात, आपली रापण डोळ्यासमोर आणा, तशीच. मग ती तारली वाळूवर पसरून वाळवतात, मैलभर चंदेरी दिसतं आणि वास तर विचारू नका. पण ती सगळी माणसांसाठी नसते, गाई आणि उंट खातात! उन्हाळ्यात गवत संपलं की सुकी तारली हाच चारा. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला, त्यानेही लिहून ठेवलंय की इथली जनावरं मासळी खातात. त्याला आणखी एका गोष्टीचं नवल वाटलं होतं, विड्याची पानं आणि नारळ हे भारतात आणि ज़ुफारमध्येच दिसतात म्हणून. तेव्हा इथून घोडे भारतात जायचे आणि तिकडून तांदूळ यायचा. वारा चांगला असला तर कालिकतला महिनाभरात पोचतात असं तो सांगतो.

पूर्वेला मिरबात आणि सदह या गावांकडे आणखी एक धंदा आहे, समुद्राच्या तळाच्या खडकांना चिकटलेले मोठे शिंपले. फार महाग जातात, पूर्वेकडच्या देशांत मागणी. त्यांचा हंगाम सरकार मोजून काही दिवसांचाच ठेवतं आणि पाणबुडे श्वास धरून बुडी मारतात, पाठीवर सिलिंडर वगैरे नाही. बायकाही उथळ पाण्यात खडक उलटून शोधतात.

मेळघाटकर

लोबान म्हणजे बॉस्वेलिया ना? मग सालई! आमच्या मेळघाटात, सातपुड्यात सालईची झाडं आहेत, कागदासारखी साल सुटते, तिचा डिंक गोळा करतात, धूप म्हणून जाळतात. तिकडचं झाड आणि आमचं झाड एकच का? आणि चीक काढतात कसा? आमच्याकडे खोल घाव घालून कित्येक झाडं वाळवली लोकांनी, म्हणून विचारतोय.

पश्चिमवारा

मेळघाटकर, बरोबर ओळखलंत. कुळ एकच, जात वेगळी. तिथलं झाड ठेंगणं, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलं, खडकात उभं. सालही तशीच कागदासारखी.

मी एकदा वादी दौकाच्या (वादी म्हणजे कोरड्या नदीचं खोरं) पलीकडे एका कुटुंबाबरोबर दिवसभर गेलो होतो, एप्रिलअखेर. हत्याराला 'मनक़फ' म्हणतात, लाकडी मूठ आणि पुढे बोथटसर पातं, खरवडायच्या कामाचं. म्हातारबाबांनी खोडावर हात फिरवला, जागा ठरवली आणि साल तेवढी तळहाताएवढी तासली, खालचं लाकूड दुखवलं नाही. आधी हिरवट मग लगेच पांढरं, दुधासारखे थेंब आले. मी म्हटलं आता गोळा करायचं का, तर हसले. पहिला चीक कामाचा नाही. दोन आठवड्यांनी त्याच जखमेवर परत तासायचं, तोही जेमतेम. तिसऱ्या खेपेला जो येतो तो खरा, तो तिथेच वाळून मण्यासारखा होतो आणि मग खुडतात. एका झाडाला किती जखमा करायच्या हे झाडाच्या वयावर आणि अंगावर ठरतं, आणि अधूनमधून झाडाला पूर्ण विश्रांती देतात. हे सगळं त्यांना कोणी शिकवत नाही, बापाबरोबर जाऊन कळतं. कुठल्या वादीतली झाडं कुठल्या कुळाची हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे कारण तिथेही आता भाव वाढल्यावर घाईने ओरबाडणारे आहेत, आणि म्हातारबाबा त्यावर बोलताना आवाज चढवून बोलायचे.

सगळ्यात उत्तम लोबान 'होजरी', हिरवट झाक असलेलं. ते डोंगरामागच्या कोरड्या पट्ट्यातलं. धुक्यात भिजलेलं झाड चीक देतं पण तो हलका. म्हणजे बघा, झाडाला पावसाच्या जवळ राहायचंय पण पावसात नाही.

(आपल्याकडे दुकानात लोबान म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच झाडाचं असतं, जावा-सुमात्राकडून येणारं. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणायचे. दोन्ही एकदा शेजारी शेजारी जाळून बघा, वासातला फरक लगेच कळेल. धोफारच्या लोबानाला लिंबासारखी ताजी कड असते.)

पोथीबासन

सुंदर धागा. थोडी भर घालतो. पहिल्या शतकातलं ते ग्रीक खलाशांचं मार्गदर्शक लिखाण, पेरिप्लस, त्यात या किनाऱ्यावरच्या 'मोस्खा' बंदराचा उल्लेख आहे. भडोच आणि मलबारकडून परतणाऱ्या जहाजांना उशीर झाला की ती तिथे हिवाळा काढायची आणि राजाच्या माणसांना कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान भरून न्यायची. त्याच लिखाणात आपले सोपारा, कल्याण, चौल आणि आतले पैठण, तेर पण आहेत. एकाच माणसाच्या वहीत दोन्ही किनारे.

पश्चिमवारा

पोथीबासन, धन्यवाद, हे तुम्ही लिहिणार याची खात्री होती. ते मोस्खा म्हणजे आजच्या ताक़ा गावाजवळचं खोर रोरी असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुम्हुरम नावाचं तटबंदीचं शहर आहे तिथे, आजच्या येमेनमधल्या हद्रमौतच्या राज्याने लोबानाच्या व्यापारासाठी वसवलेलं, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासूनचं. वेशीत दगडावर जुन्या दक्षिण अरबी लिपीतले लेख अजून वाचता येतील इतके स्वच्छ आहेत. तिथल्या उत्खननात भारतीय घडणीची एक छोटी कांस्यमूर्ती मिळाली, शालभंजिका म्हणजे झाडाची फांदी धरून उभी असलेली स्त्री, आणि तमिळ-ब्राह्मीत नाव कोरलेलं एक खापर पण. कोणाचं भांडं असेल, किती महिने तिथे अडकून वाऱ्याची वाट बघत बसला असेल तो!

खालची खाडी आता वाळूच्या बांधाने समुद्रापासून बंद झालीय, त्यात रोहित पक्षी उतरतात. सुम्हुरम, सलालाहमधलं अल-बलीद हे मध्ययुगीन बंदर, वाळवंटातलं शिसर आणि वादी दौकाचा लोबानाचा बाग, या चारही जागा मिळून २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहेत.

कुतूहल

शिसर म्हणजे तेच ना, वाळूत गडप झालेलं उबार शहर?

पश्चिमवारा

१९९०च्या सुरुवातीला उपग्रहाची चित्रं वापरून शोधलं आणि उबार सापडलं म्हणून जगभर बातम्या झाल्या. तिथे पाण्याच्या जागेभोवती छोटा किल्ला होता आणि खालची चुनखडीची पोकळी खचून तो कोसळला, एवढं जमिनीवर दिसतं. पण तेच उबार, हे अनेक अभ्यासकांना मान्य नाही. मला स्वतःला ती उंट थांबायची, पाणी भरायची जागा वाटली, आणि तेवढंही माझ्यासाठी पुष्कळ आहे.

डोंगरदऱ्या

लेख आवडला पण एक शंका. शीर्षकात 'डोंगरातली माणसं' म्हटलंत ते बरं केलंत, बाकी ठिकाणी लोक 'अरब आदिवासी' वगैरे लिहितात. तिथे कबीला म्हणजे नक्की काय? आणि सगळे अरबच का?

पश्चिमवारा

डोंगरदऱ्या, याच प्रश्नाची वाट बघत होतो, जरा लांबेल.

आदिवासी हा शब्द तिथे बसत नाही. क़बीला म्हणजे आपली भावकी, पण फार मोठी आणि राजकीय वजन असलेली. एका पूर्वजापासून आलो असं मानणारे, 'बैत' म्हणजे घर, त्यावरून नावं. पाणी, चराई, लोबानाची झाडं, गुहा सुद्धा भावकीच्या मालकीच्या. आज तोच क़बीला आडनाव झालाय, डॉक्टर असो की बँकेतला मॅनेजर. माणूस भेटला की पहिलं विचारणं कुठल्या घरचा हेच असतं, आपल्याकडे 'तुम्ही कुठले?' विचारतात तसं.

जुन्या काळी दुसऱ्या क़बील्याच्या हद्दीतून जायचं तर त्यांचा एक माणूस बरोबर घ्यावा लागे, त्याला 'रबीअ' म्हणत. त्याने जबाबदारी घेतली की त्याच्या अख्ख्या भावकीची जबाबदारी, केसाला धक्का लागला तर त्यांची अब्रू गेली. १९३०-३१ साली इंग्रज प्रवासी बर्ट्रम थॉमस सलालाहहून निघून रुब अल-खाली ओलांडून दोह्याला पोचला, तो पहिला युरोपियन. पुढे १९४५ नंतर थेसिजर हा दुसरा इंग्रज प्रवासी गेला. दोघेही याच माणसांच्या शब्दावर जिवंत राहिले.

लग्नाची एक रीत मला फार आवडते, 'मग़बूर'. नवऱ्या मुलाला भावकीतले आणि ओळखीचे लोक रोख पैसे देतात आणि त्याची नोंद ठेवतात. त्यांच्याकडे लग्न निघालं की तेवढं किंवा जास्त परत करायचं. मी पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा आमच्या घरातली आहेराची वही आठवली, आई अजून जपून ठेवते. एकट्याच्या पगारात तिथला लग्नखर्च निघणं अशक्य, पण यामुळे गरीब पोराचंही लग्न अडत नाही. बायकांचा पोशाख पण वेगळा, 'अबू ज़ैल' म्हणतात, म्हणजे शेपटीवाला. मखमली झगा, पुढे आखूड आणि मागे जमिनीवर लोळणारा. पूर्वी डोंगरातले पुरुष नुसतं निळीत रंगवलेलं गडद कापड गुंडाळायचे आणि केसांवर चामड्याची वादी बांधायचे, आता जुन्या फोटोतच दिसतं.

भाषेचं म्हणाल तर घरात अरबी नाही! डोंगरातले लोक जी बोलतात तिला कोणी जिब्बाली म्हणतात म्हणजे डोंगरी, आणि कोणी शहरी म्हणतात, शहरा लोकांची म्हणून (आपलं गावाकडचं-शहरी नव्हे). नाव काय म्हणायचं यावरूनही तिथे वाद आहे, कारण शहरा हे मूळचे मानले जातात पण नंतर क़रांचं वर्चस्व झालं आणि शहरांना कमी लेखलं गेलं. महरी, सोकोत्री, हर्सूसी, बत्हरी, होब्योत या तिच्या बहिणी. सेमिटिक घराण्यातल्याच, पण अरबीवाल्याला एक अक्षर कळत नाही. लिपी नाही. त्यात एक आवाज आहे, जीभ टाळ्याला लावून गालाच्या कडेने हवा सोडायची, 'श' आणि 'ल' च्या मधलं काहीतरी. माझ्याबरोबर काम करणारा एक जण रोज चहाला माझ्याकडून तो घोटून घ्यायचा आणि मी त्याच्याकडून 'ळ'. त्याची मुलं मात्र शाळेमुळे, मोबाईलमुळे आपसात अरबीच बोलतात, आणि तो हे सांगताना गप्प होऊन जायचा. बत्हरी बोलणारे तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत.

जुनंनाणं

एक मुंबईचा धागा. १९७० पर्यंत ओमानात भारतीय रुपयाचंच भावंड चालायचं, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ मध्ये काढलेल्या वेगळ्या नोटा. बाकी आखाताने १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या सोडल्या, ओमानने सगळ्यात शेवटी. आणि सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये मुंबईतच वारले. त्यांचे चिरंजीव सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले.

पश्चिमवारा

जुनंनाणं, धोफारच्या डोंगरात रुपयापेक्षा ऑस्ट्रियाच्या राणीचं, मारिया थेरेसाचं चांदीचं नाणं जास्त चालायचं. सुलतान सईद १९५८ पासून सलालाहच्या राजवाड्यातच राहिले आणि प्रजेला मात्र जखडून ठेवलं. रेडिओ नको, सायकल नको, काळा चष्मा नको, बाहेरगावी जायला परवानगी. गुलामगिरी १९७० पर्यंत होती. १९६५ मध्ये धोफारच्या डोंगरात बंड उठलं ते यातूनच, पुढे त्याला कम्युनिस्ट वळण लागलं. २३ जुलै १९७० ला मुलगा क़ाबूस यांनी वडिलांना पदच्युत केलं. क़ाबूस यांचा जन्म सलालाहचा आणि आई डोंगरातल्या क़रांची लेक, ताक़ाची. माझ्या मते हे नातं नसतं तर पुढची समेट इतकी सोपी गेली नसती.

या लढाईतही खरीफ आहेच. धुकं पडलं की विमानं निकामी, म्हणून सुरुवातीची काही वर्षं सरकारी सैन्य पावसाळ्यात डोंगर सोडून खाली यायचं. १९ जुलै १९७२ चा मिरबातवरचा मोठा हल्ला धुक्याचा दिवस धरूनच झाला. शरण आलेल्या बंडखोरांच्या 'फिर्क़ा' म्हणून सरकारच्या बाजूने लढणाऱ्या तुकड्या केल्या, पहिली तुकडी वेगवेगळ्या क़बील्यांची मिसळून केली ती भांडणाने मोडली, मग एका क़बील्याची एक अशा केल्या. विहीर खोदली, शाळा, दवाखाना, मशीद बांधली आणि लोक तिथे स्थिरावले. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं.

लोबानवाले म्हातारबाबा तेव्हा लहान होते. खरीफमध्ये घरचे सगळे गुहेत राहायचे, गाई आत, माणसं बाहेरच्या बाजूला. त्यांनी मला ती गुहा दाखवली. छत अजून काजळीने काळं आहे. दगडात एक खळगा आहे, त्यांच्या आजीचा धान्य कुटायचा, त्यात त्यांनी बोट घालून फिरवलं आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात भेटले की विचारायचे, "हिंदमध्ये लागला का पाऊस?" मी आईला फोन करून सांगायचो, हो लागला. मग मुलांना निरोप जायचा, उंट खाली आणायची तयारी करा.

लाटेवरची

वाचता वाचता अंगावर काटा आला. आम्ही ऑगस्टमध्ये जायचं ठरवतोय, काय काय सांभाळायचं?

पश्चिमवारा

नक्की जा ताई. ऑगस्टच्या मध्यात हिरवं सगळ्यात जास्त, वादी दरबात बघाच. घाटात गाडी हळू चालवा, धुक्यात गाय दिसत नाही. डोंगरातल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका, गुहांत आणि झोपड्यांत शिरू नका, त्या कोणाच्या तरी आहेत. लोबान सलालाहच्या जुन्या बाजारात बायकांकडून घ्या. मातीची रंगवलेली 'मजमर', म्हणजे धुपाटणं, पण त्याच विकतात, कागदात नीट गुंडाळून हातातल्या सामानात आणा, माझ्या दोन फुटल्या. कोणाच्या घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. जेवण होईल, कॉफी होईल, मग मजमर फिरेल, धूर दाढीला, पदराला घ्यायचा. त्यांची म्हणच आहे, 'मा बाद अल-ऊद क़ुऊद', ऊद फिरल्यावर बसायचं नाही. तेव्हा ती तुमच्यापर्यंत आली की धूर घ्या, आभार माना आणि उठा.